आठ टन

बोर्ड मीच रंगवतो.
पिवळा पत्रा, काळी अक्षरं, आकडा तेवढा लाल.
पहिल्यांदा रंगवला तेव्हा अठरा होता,
मग कधीतरी बारा.
यंदा दिवाळीनंतर ओव्हरसियर आला,
मोटारसायकलवरून न उतरताच म्हणाला,
मुनीरभाई, आता आठ करा.
म्हणलं, मोजलं का कुणी?
म्हणाला, पत्र आलंय.

आकडा उतरत गेला तसे
गाड्यांचे टायर वाढत गेले,
दहाचे बारा, बाराचे सोळा.
बोर्ड वाचतात फक्त शाळेला जाणारी पोरं,
अक्षराला अक्षर जुळवत:
ज-ड वा-ह-नां-स

पुलाच्या करंजगव्हाणकडच्या टोकाला
कठड्यात एक दगड आहे, उर्दूत कोरलेला.
गावात तो वाचणारा मी एकटा राहिलो.
लोकांना वाटतं, त्यात शाप असेल,
नाहीतर पुरलेल्या हंड्याचा पत्ता.
आहे एवढंच: सन तेराशे अडतीस फसली,
खाली ठेकेदाराचं नाव, निम्मं झिजलेलं.
वजन लिहिलेलं नाही.
बैलगाडीला कोण वजन विचारणार.

पावणेनऊची एसटी येते
आणि कंडक्टर लांडगेबाई दारातून ओरडतात, उतरा!
सगळे उतरतात. तिकीट काढून पायी.
रिकामी गाडी पुढं निघते अंग चोरून,
परक्याच्या सोप्यातून गेल्यागत,
आणि मागून माणसं:
कडेवर बाळ, डोक्यावर डालगं,
एकाच्या खांद्यावर पाणबुडी मोटार, दुरुस्तीला चाललेली.
ड्रायव्हरनं मला एकदा हळूच सांगितलं,
रिकामी गाडीच नऊ-दहा टनाची भरते हो.
बाईंना नका सांगू.

मधोमध आले की समोरून कारखान्याचा ट्रॅक्टर,
मागं दोन ट्रॉल्या, टेपवर कसलंसं गाणं.
माणसं कठड्याला चिकटतात,
वाढं तोंडावरून घासून जातं.
पूल थरथरतो तेव्हा कानाला कळत नाही,
तळपायाला कळतं.

माघातल्या एका रात्री पवनचक्कीचं पातं आलं.
एवढं लांब, की ड्रायव्हर पुलाशी पोचला
तरी शेपूट शाळेच्या वळणावर.
वरचा लोखंडी दांडा त्यांनी आधीच कापून ठेवला होता,
त्यांच्याकडंही पत्र होतं.
बिहारचा एक पोऱ्या बॅटरी घेऊन माझ्या दुकानाशी आला.
चाचा, बोर्ड पे कितना लिखा है?
म्हणलं, आठ.
त्यानं मागं वळून विचारलं, आपला किती?
केबिनमधून आवाज आला, साठ.
पोऱ्या हसला.
मग चपला काढल्या, काखेत धरल्या
आणि ट्रेलरपुढं अनवाणी चालू लागला,
दर्ग्यात जातात म्हणून,
की तळपायानं ऐकायचं होतं म्हणून,
मी विचारलं नाही.

पंधरा-सोळा मिनिटं गेली असतील.
माझ्या हातातला चहा तसाच.
तिसऱ्या कमानीतून एक दगड निखळला.
पाण्यात पडल्याचा आवाज आला नाही,
मांजरेला पाणीच नव्हतं.

सकाळी खाली उतरून तो उचलला.
आतल्या बाजूला टाकीचे घाव
काल मारल्यासारखे ताजे.
ज्यानं मारले तो कुणी वडार असेल,
त्याचं नाव वरच्या दगडावर नाही.
सध्या त्यावर मी रंगाचा डबा ठेवतो,
हालत नाही.

परवा ओव्हरसियरचा फोन:
आकडा पुसून ठेवा, नवीन पत्र यायचंय.
पुसला. आता बोर्डावर नुसतं 'टन' आहे,
पुढची जागा पिवळी.

पोरं येता-जाता खडूनं भरतात.
एक दिवस दोन, एक दिवस नऊशे.
शाळेत डॉक्टर येऊन गेला त्या दुपारी
कुणीतरी फार जपून, गिरवून लिहिलं होतं: सव्वीस.
आणि 'टन' खोडून
किलो.